व्हॉल्व्हचा फोनो प्रीॲम्प की आयसीचा? घरच्या घरी तुलना कशी करायची

मिरजेत माझं काम जवारी काढण्याचं. तानपुऱ्याच्या घोडीचा माथा कानशीने आणि पॉलिश पेपरने असा उतरवत न्यायचा की तार त्याला नुसती चाटून जाईल. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवत सरकवत ती एक जागा शोधायची, जिथे तार बोलायला लागते. चाळीस वर्षं कानाने हेच केलं. त्यामुळे घरात दोन फोनो प्रीॲम्प, म्हणजे रेकॉर्डच्या सुईकडून येणारा बारीक सिग्नल ॲम्प्लिफायरसाठी मोठा करणाऱ्या पेट्या, शेजारी शेजारी आले, एक व्हॉल्व्हचा (जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळीचा) आणि एक आयसीचा (चिपचा), तेव्हा त्यांच्यातला फरक सांगायला आपल्याला पाच मिनिटं पुष्कळ झाली असं वाटलं. पाच मिनिटांत सांगितलाही: व्हॉल्व्हवाल्याची जवारी बंद आहे, म्हणजे तारेची झार दबलेली, आणि आयसीवाल्याची खुली, म्हणजे झार मोकळी.

माझा भाचा सांगलीला वालचंद कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकतो. तो शेजारी बसला होता. म्हणाला, "मामा, एक तानपुरा काळी एकला लावलाय, दुसरा पांढरी दोनला, आणि तुम्ही कुठला गोड ते सांगताय."

हे मला लागलं, कारण ते बरोबर होतं. गिऱ्हाईक दोन तानपुरे पसंतीला मागतं, तेव्हा मी आधी दोन्ही एका सुरात लावतो, दोन्हींवर बोट सारख्याच जोराने फिरवतो आणि मगच ऐकवतो. नाहीतर ज्याचा आवाज मोठा तोच पसंत पडतो. प्रीॲम्पच्या बाबतीत मी यातलं काहीच केलं नव्हतं. पुढचे तीन आठवडे आम्ही दोघांनी ते रीतसर केलं. कुणाच्या घरी असाच प्रश्न पडला असेल, तर आमची पद्धत इथे सगळी लिहून ठेवतो.

पेटीच्या आत काय चालतं

कार्ट्रिज म्हणजे सुई बसवलेला, तिच्या थरथरीची वीज करणारा छोटा भाग. त्यातल्या मूव्हिंग मॅग्नेट जातीच्या कार्ट्रिजमधून निघणारा सिग्नल 3 ते 5 मिलिव्होल्टचा असतो. ॲम्प्लिफायरच्या ऑक्स इनपुटला त्याच्या शंभरपट तरी लागतो, म्हणजे 40 डेसिबल. हे पहिलं काम. दुसरं काम जास्त नाजूक आहे. रेकॉर्ड कापताना खर्ज दाबलेला असतो आणि वरचे स्वर उचललेले असतात. खर्ज जसाच्या तसा कापला तर खाच इतके रुंद झोके घेईल की एका बाजूवर वीस मिनिटांचा ख्याल मावणार नाही. 1954 पासून या दाबण्या-उचलण्याचं एक ठरलेलं माप आहे, आरआयएए नावाचं. प्रीॲम्पने ते बरोबर उलटं करायचं: 1000 हर्ट्झच्या मानाने 20 हर्ट्झला सुमारे 19 डेसिबल वाढवायचं, 20,000 हर्ट्झला सुमारे 20 डेसिबल कमी करायचं.

व्हॉल्व्हची पेटी असो की आयसीची, दोघींना हेच उलटं गणित करायचं असतं, आणि ते होतं आतल्या रेझिस्टर-कपॅसिटरांनी. त्या पार्टांची किंमत जराशी इकडेतिकडे असेल तर एखाद्या पट्ट्यात अर्धा डेसिबल जास्त किंवा कमी येतो. लोक ज्याला 'व्हॉल्व्हचा गोडवा' म्हणतात, त्यातला काही भाग अशा अर्ध्या डेसिबलमध्येही असू शकतो. व्हॉल्व्हचा अपमान करायचा म्हणून हे सांगत नाही. मी व्हॉल्व्हच्या रेडिओवर गाणं ऐकत मोठा झालो, आणि बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही एकेकाळी रेडिओचे व्हॉल्व्ह बनवले आहेत, त्याचा मला अभिमान वाटतो. पण कानाला लागलेल्या गोष्टीचं श्रेय योग्य पार्टाला मिळायला हवं.

विकत घेण्याआधी एक गोष्ट बघून घ्या. फोनो प्रीॲम्पमध्ये बहुधा 12एएक्स7 हा व्हॉल्व्ह असतो, त्याचंच युरोपातलं नाव ईसीसी83. एका काचेत दोन ट्रायोड, म्हणजे सिग्नल मोठा करणारे दोन सुटे भाग. त्याला नीट काम करायला शे-दोनशे व्होल्ट डीसी लागतं. मी सगळ्यात आधी एक स्वस्तातली छोटी पेटी आणली होती. तिला 12 व्होल्टचा ॲडाप्टर होता. भाच्याने उघडली तर आत सगळं काम एक आयसी करत होता, व्हॉल्व्ह नुसता शेवटाला जोडलेला, आणि व्हॉल्व्हच्या बुडाखाली नारिंगी एलईडी लावलेला. अशी पेटी घेऊन व्हॉल्व्हची तुलना होत नाही. नंतर मी जुनी, खऱ्या ट्रान्सफॉर्मरवाली, आतच व्होल्ट चढवणारी पेटी सेकंडहँड घेतली. तिच्या आत मात्र हात घालायचा नाही. बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये जीव घेईल एवढी वीज काही वेळ उरते. आतलं काम रेडिओ दुरुस्त करणाऱ्या जाणत्या माणसालाच द्या.

सामान

एकच टर्नटेबल, एकच कार्ट्रिज, एकच ॲम्प्लिफायर. बदलायचा तो फक्त प्रीॲम्प. वायरी काढून घालत बसलात तर दोन ऐकण्यांमध्ये पाच मिनिटं जातात, आणि पाच मिनिटांपूर्वीचा आवाज कुणाच्याच कानात नेमका उरत नाही. माझ्याही नाही. म्हणून एक स्विचची पेटी करून घेतली: ॲल्युमिनियमचा डबा, मागे आरसीए सॉकेटच्या तीन जोड्या, पुढे चार पोल दोन वेचा, म्हणजे चार वायरी एकदम इकडून तिकडे बदलणारा, टॉगल स्विच. डाव्याचा सिग्नल, उजव्याचा सिग्नल आणि दोन्हींची ग्राउंड, असे चार पोल. सामान पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत मिळालं.

काही जण वाय-केबल लावून कार्ट्रिज एकदम दोन्ही प्रीॲम्पना जोडतात. तसं करू नका. प्रत्येक प्रीॲम्पचा इनपुट 47 किलोओहमचा असतो. दोन एकदम लावले की कार्ट्रिजला साडेतेवीस दिसतात आणि केबलची कपॅसिटन्सही (वीज साठवण्याचा गुण, पिकोफॅरडमध्ये मोजतात) वाढते. मग तुम्ही ऐकता ते दोघांपैकी कुणाचंच खरं गाणं नसतं.

दोन्ही प्रीॲम्पचे आउटपुट ॲम्प्लिफायरच्या दोन वेगळ्या इनपुटांना जातात. बदलताना आधी म्यूट, मग स्विच, मग सिलेक्टर, मग म्यूट काढायचं. म्यूट न करता टॉगल फिरवला तर स्पीकरमधून असा दणका येतो की ट्विटर, म्हणजे वरच्या स्वरांचा छोटा स्पीकर, जायचा.

आवाज जुळवणं

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. 1933 साली बेल लॅबमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवलं होतं की आवाज वाढला की कानाला खर्ज इतर स्वरांच्या मानाने जास्त भरतो. म्हणजे दोन पेट्या तंतोतंत सारख्या असल्या आणि एक जराशी मोठी वाजली, तर ती 'मोठी' न वाटता 'भरदार' वाटते, 'जिवंत' वाटते. आणि माणूस ते व्हॉल्व्हच्या नावावर जमा करतो.

1000 हर्ट्झचा सलग सूर असलेली टेस्ट रेकॉर्ड लावा आणि प्रीॲम्पच्या आउटपुटला मल्टिमीटर लावून एसी व्होल्ट मोजा. दुकानात मिळणारा तो पिवळा स्वस्त मल्टिमीटर इथे उपयोगाचा नाही. त्याची एसीची सगळ्यात खालची रेंज 200 व्होल्टची असते आणि आपल्याला अर्ध्या व्होल्टच्या आसपासचं मोजायचं आहे. 2 व्होल्ट एसीची रेंज असलेला मागून आणा. आकडा थोडा हलत राहील. दहा-पंधरा सेकंद बघून मधला धरा.

माझ्या आयसीच्या पेटीचा आकडा आला 0.412 व्होल्ट, व्हॉल्व्हच्या पेटीचा 0.523. म्हणजे दोन डेसिबलचा फरक. मी पाच मिनिटांत जो निकाल दिला होता, तो या दोन डेसिबलसकट दिला होता.

मोठा आवाज खाली आणायचा, छोटा वर नेता येत नाही. ज्याचा आवाज मोठा त्याच्या आउटपुटला पोटेन्शिओमीटर लावा, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची खुंटी; थोडक्यात त्याला 'पॉट' म्हणतात. व्हॉल्व्हवाला मोठा असेल तर 100 किलोओहमचा घ्या. व्हॉल्व्हच्या पेटीचा आउटपुट इम्पीडन्स (आतला विरोध) पुष्कळदा बराच असतो, त्याला 10 किलोओहमचं ओझं दिलं तर तो दमतो, खर्जही उतरतो. आयसीवाला मोठा असेल तर 10 किलोओहम चालतो. पोटेन्शिओमीटरपासून ॲम्प्लिफायरपर्यंतची केबल हातभरच ठेवा, नाहीतर वरचे स्वर केबलमध्येच झिजतात.

आणि डावा-उजवा मिळून एक जोडपॉट घेऊ नका, दोन सुटे घ्या. माझ्या व्हॉल्व्हच्या दोन बाजूंमध्येच 0.4 डेसिबलचा फरक निघाला, तो सुट्या पॉटमुळे मिटवता आला. तपासायला एखादी जुनी मोनो एलपी लावा, साठच्या दशकातल्या पुष्कळ आहेत. गवई बरोबर दोन स्पीकरच्या मध्ये बसला पाहिजे. जरासा डावीकडे सरकलेला वाटला तर पुन्हा मोजा.

किती जवळ जुळवायचं? 0.1 डेसिबलपर्यंत. म्हणजे माझा आकडा 0.407 ते 0.417 मध्ये. जमलं की पॉटच्या दांड्यावर नेलपॉलिशचा ठिपका देऊन टाका, हात लागून फिरू नये म्हणून.

कार्ट्रिजला काय दिसतं

आवाज जुळवल्यावर पुन्हा ऐकलं. खर्जातला फरक जवळजवळ गेला. पण जवारी? ती अजून वेगळी होती. आयसीवर तानपुऱ्याची झार पुढे यायची, जणू घोडीवरचा दोरा केसभर मागे सरकवलाय. मी भाच्याला म्हटलं, बघ, हा फरक खरा आहे. तो म्हणाला, खरा आहेच, पण कशामुळे?

कार्ट्रिज म्हणजे आत तारेची गुंडाळी. मूव्हिंग मॅग्नेटच्या गुंडाळीचं इंडक्टन्स साधारण अर्धा हेन्री धरा. तिच्यापुढे टोनआर्मची केबल, स्विचची पेटी आणि प्रीॲम्पचा इनपुट या सगळ्यांची कपॅसिटन्स बेरीज होऊन येते. गुंडाळी आणि कपॅसिटन्स मिळून एका ठरावीक सुराला घुमतात. तुंब्याचाही आपला एक घुमार असतो, तसंच. एकूण 200 पिकोफॅरड असतील तर हा घुमार 16,000 हर्ट्झजवळ येतो, म्हणजे माझ्या वयाच्या माणसाला जवळजवळ ऐकूच येत नाही. 400 झाले तर तो 11,000 वर उतरतो, आणि त्याच्या खालचा पाच-सहा हजारांपासूनचा सगळा पट्टा उचलला जातो. तानपुऱ्याची झार नेमकी तिथपर्यंत पोचते.

आयसीच्या पेटीखाली बारीक डिप स्विच होते, ते 220 पिकोफॅरडवर लावलेले. पेटी घेतल्यापासून कुणी बघितलेच नव्हते. केबलचे 150 आणि स्विचच्या डब्याचे 40 धरून झाले 410. व्हॉल्व्हच्या पेटीवर असं काही बटण नव्हतं, पण व्हॉल्व्हची स्वतःची कपॅसिटन्स असते. व्हॉल्व्हच्या आतल्या ग्रिड आणि प्लेट या दोन भागांमधले दीड-पावणेदोन पिकोफॅरड गेनच्या (सिग्नल जितक्या पट मोठा होतो त्याच्या) पटीत वाढून इनपुटला दिसतात. साठपट गेन धरला तर शंभराच्या आसपास. म्हणजे व्हॉल्व्हच्या बाजूला एकूण 290. हिशेब केला तर 9000 हर्ट्झला दोघांत सव्वा डेसिबलच्या जवळ फरक येतो.

आयसीचे डिप स्विच 100 वर नेले. दोन्हीकडे 290.

मी डोळे मिटून बसलो होतो. भाच्याने म्यूट काढलं, पंधरा सेकंद वाजवलं, बदललं, पुन्हा पंधरा सेकंद. पंचम, जोड, खर्ज, पुन्हा पंचम. झार दोन्हीकडे एकाच जागी उभी. मी म्हटलं, बदललंस का? म्हणाला, तीनदा बदललं मामा.

त्या रात्री मला उशिरापर्यंत झोप आली नाही. मी ज्याला व्हॉल्व्हची बंद जवारी म्हणत होतो, ती 120 पिकोफॅरडची गोष्ट होती.

तुम्ही कराल तेव्हा तुमच्या कार्ट्रिजच्या कागदावर किती कपॅसिटन्स सांगितली आहे ते आधी बघा. पुष्कळ कार्ट्रिजना 100 ते 200, काहींना 150 ते 300 चालते. दोन्ही पेट्या त्या मर्यादेत आणि एकमेकींच्या जवळ आणून ठेवा. ज्या पेटीत बदल करता येत नाही तिच्यावर दुसरी जुळवायची. साध्या शील्डेड केबलला मीटरमागे शंभरेक पिकोफॅरड धरून चाला.

घरघर आणि पंचम

हे माझ्या धंद्यामुळे मला आधी सापडलं, भाच्याच्या मीटरला नंतर. माझ्याकडे पांढरी एकमध्ये गाणाऱ्या एका गवयाची एलपी आहे. सुरुवातीला अर्धा मिनिट नुसते तानपुरे. व्हॉल्व्हच्या पेटीवर तो पंचम मला हलताना ऐकू यायचा. सेकंदाला दोनदा, मंद, पाळण्यासारखा. लावणाऱ्याकडून पंचम जराही उतरलेला असेल तर असं होतं, पण याच रेकॉर्डचा पंचम आयसीवर स्थिर होता.

पांढरी एकचा मंद्र पंचम म्हणजे 98 हर्ट्झ. आपली वीज 50 हर्ट्झची, ती रेक्टिफायरमधून (एसीची डीसी करणाऱ्या भागातून) गेली की तिची घरघर होते 100 हर्ट्झ. 98 आणि 100 एकत्र वाजले की सेकंदाला दोन आंदोलनं. घरघर म्हणून ती वेगळी ऐकूच येत नव्हती, इतकी बारीक होती. पंचमाला हलवल्यामुळे पकडली गेली. जुन्या पेटीतला फिल्टर कपॅसिटर सुकला होता. सांगलीतल्या एका रेडिओवाल्याने बदलून दिला आणि पंचम जागेवर बसला.

म्हणून तुलनेआधी घरघरीचा सूर ओळखा. 100 हर्ट्झची असेल, म्हणजे पांढरी पाचच्या अगदी जरा वर, तर बहुतेक पेटीच्या आतला पॉवर सप्लाय. त्याच्या खालच्या सप्तकात, नुसतं घुं असं येत असेल, तर 50 हर्ट्झ: ट्रान्सफॉर्मर कार्ट्रिजच्या फार जवळ आहे किंवा अर्थची वायर चुकली आहे. पेटी दोन-अडीच फूट लांब सरकवून बघा. टोनआर्मची अर्थ वायर दोन्ही प्रीॲम्पना वेगवेगळी न्यायची नाही. स्विचच्या डब्यावर एकाच स्क्रूला सगळ्यांची अर्थ आणा, आणि तरी घरघर आली तर एकेक सोडवून बघा. करकरीत, धारदार 'झर्र' येत असेल तर छताच्या पंख्याचा रेग्युलेटर बघा. गोल फिरवायचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आमच्याकडे सगळ्यात मोठे गुन्हेगार निघाले. पंखा पूर्ण बंद करून ऐका. उकडलं तरी चालेल.

व्हॉल्व्हची पेटी ऐकण्याआधी अर्धा तास चालू ठेवा. आणि ती स्पीकरच्याच टेबलावर ठेवू नका. व्हॉल्व्हला पेन्सिलीने हलकी टिचकी मारली तर स्पीकरमधून टण्ण आवाज येतो. स्पीकरचा हादराही त्याला तसाच पोचतो आणि आवाजात घुमून परत येतो.

न बघता ऐकणं

आता खरी परीक्षा. भाच्याने आधीच नाणं उडवून सोळा वेळांचा क्रम वहीत लिहून ठेवला, मला न दाखवता. प्रत्येक वेळी मी बाहेर सोप्यात जाऊन उभा राहायचो, कारण स्विचची खट्खट मोजली तरी अंदाज येतो. तो लावून हाक मारायचा, मी आत येऊन व्हॉल्व्हकडे पाठ करून बसायचो आणि फक्त 'पहिला' किंवा 'दुसरा' म्हणायचो. त्याने हो-नाही काही म्हणायचं नाही, तोंडही हलवायचं नाही.

सोळा का? नुसत्या नशिबाने सोळापैकी बारा किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता चार टक्क्यांच्या आत असते. दहाच वेळा केलं तर आठ बरोबर येऊनही शंका उरते, नशिबाने तसं साडेपाच टक्के वेळा होतं. आणि सोळा एका बैठकीत करू नका. आठ पहाटे, आठ दुसऱ्या पहाटे. पहाटे पाच ते सहा ही वेळ चांगली. कुकरच्या शिट्ट्या नाहीत, गल्लीत रिक्षा नाहीत, कानही ताजे.

दरवेळी रेकॉर्डवरची तीच जागा घ्या. हे महत्त्वाचं आहे. एलपीच्या बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला सुमारे 51 सेंटिमीटरने जाते, आत लेबलजवळ 21 ने. आतल्या वर्तुळात 'स', 'श', 'च' फाटतात ते त्यामुळेच. एका पेटीवर बाहेरची जागा आणि दुसरीवर आतली ऐकली तर दोष खाचेचा आणि नाव पेटीचं.

मदतीला कुणी नसेल तर दुसरा रस्ता आहे. यूएसबी ऑडिओ इंटरफेसने तीच बाजू दोन्ही प्रीॲम्पमधून 24 बिटवर रेकॉर्ड करा, इंटरफेसचं बटण न हलवता. ऑडॅसिटीत दोन्ही तुकडे सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत जुळवून कापा, पातळी सारखी करा, मग फूबार2000 मध्ये एबीएक्स नावाची सोय आहे, ती तुम्हाला न सांगता बदलत राहते आणि गुण मांडते. ऑडॅसिटीतच स्पेक्ट्रमचा आलेख काढला तर 50 आणि 100 हर्ट्झचे खुंट डोळ्यांना दिसतात. भाच्याला ही पद्धत जास्त आवडते. मला ती थोडी कोरडी वाटते, पण चूक नाही तिच्यात.

काय ऐकायचं

पूर्ण राग ऐकत बसलात तर तुम्ही गाणं ऐकाल, पेटी नाही. वीस-वीस सेकंदांच्या जागा निवडा. माझ्या चार होत्या: नुसते तानपुरे, डग्ग्यावरची एक लांब मींड, वरच्या षड्जावर स्थिरावलेला आवाज, आणि एका जुन्या नाट्यपदातली 'स'कारांनी भरलेली ओळ.

डग्ग्याच्या जागेवर स्पीकरचा कोन बघत राहा. वाकलेल्या रेकॉर्डवर तो आवाज न करता पुढेमागे पळताना दिसेल. काही प्रीॲम्पमध्ये 20 हर्ट्झखालचं कापायची सोय असते, 1976 साली आयईसी या आंतरराष्ट्रीय मानकसंस्थेने मापात तशी दुरुस्तीही सुचवली होती. एका पेटीत ती असेल आणि दुसरीत नसेल तर डग्गा वेगळा लागतो. तोही फरक व्हॉल्व्ह-आयसीचा नव्हे. बटण असेल तर दोन्हीकडे सारखं करा. नसेल तर निदान सपाट रेकॉर्ड घ्या.

ओरखडे असलेली एक रेकॉर्डही ठेवा. ओरखड्याचा खट्का हा सुईवरचा सगळ्यात मोठा, सगळ्यात अचानक येणारा सिग्नल. ज्या पेटीला कमी व्होल्टची वीज मिळते तिला तो झेपत नाही. मग खट्का तुटक न वाजता पसरतो. खऱ्या 250 व्होल्टवर चालणाऱ्या व्हॉल्व्हला इथे भरपूर जागा असते, आणि अधिक-उणे 15 व्होल्टवर चालणाऱ्या आयसीलाही पुरेशी. एकाच 9 व्होल्टवर चालणाऱ्या पेट्या इथे उघड्या पडतात. माझी ती पहिली एलईडीवाली पेटी या एकाच परीक्षेत दोन्हींपेक्षा वाईट ठरली.

आमच्याकडे काय निघालं

आवाज न जुळवता: सोळापैकी सोळा बरोबर. डोळे मिटून, झोपेतही सांगितलं असतं.

आवाज जुळवून, कपॅसिटन्स न जुळवता, तानपुऱ्यावर: चौदा.

दोन्ही जुळवून, तानपुऱ्यावर नऊ, डग्ग्यावर सात, षड्जावर आठ, 'स'कारांवर दहा. म्हणजे नाणं उडवल्यासारखंच.

सुई उचलून, आवाज मोठा ठेवून, नुसती शांतता ऐकली तेव्हा पुन्हा सोळा. व्हॉल्व्हची हिस्स जास्त आहे, ती स्पष्ट ओळखू येते. पण सुई खाचेत उतरली की खाचेची स्वतःची सळसळ तिला झाकून टाकते. व्हॉल्व्ह दुसरा हार्मोनिक वाढवतो असं म्हणतात. वाढवतो, आणि दुसरा हार्मोनिक म्हणजे त्याच स्वराचं वरचं सप्तक, म्हणून तो कानाला खुपत नाही. पण चांगल्या पेटीत तो इतका थोडा असतो की सुई खाचेतून स्वतः आणते त्या डिस्टॉर्शनपुढे तो मला तरी वेगळा काढता आला नाही. तुमची पेटी, तुमचे कान वेगळे असतील. तुमच्याकडे बारा-तेरा बरोबर आले तर मला त्याचा आनंदच होईल, फक्त आधी दोन्ही जुळवणी करून घ्या.

शेवटचं एक. पंधरा-पंधरा सेकंदांची परीक्षा झाल्यावर आम्ही दोन आठवडे एकेक पेटी लावून ठेवली, काहीही न बदलता, रोज संध्याकाळी काम आटोपल्यावर एक बाजू. वहीत एवढंच लिहायचं: बाजू पूर्ण ऐकली की मध्ये उठलो. पहिला आठवडा व्हॉल्व्ह, दुसरा आयसी. दोन्ही आठवड्यांत मी एकदाच मध्ये उठलो, तेही गिऱ्हाईक आलं म्हणून.

आता आयसीची पेटी टर्नटेबलला जोडलेली आहे, कारण ती लगेच सुरू होते आणि उन्हाळ्यात खोली तापवत नाही. व्हॉल्व्हची भाच्याने होस्टेलवर नेली. टर्नटेबलच्या बुडाला एक कागद चिकटवलाय: कार्ट्रिजचं नाव, सुईचं वजन 2 ग्रॅम, डिप स्विच 100, आउटपुट 0.412 व्होल्ट, आणि तारीख. पुढे कधी केबल बदलली तर कुठून सुरुवात करायची ते त्यावर बघायचं.